केतकीच्या बाळाची आत्या

छाये, तुझे वाचक माझा जीव खाऊन राह्यले होते.

"ताई, शेवटचा भाग कधी?" "ताई, आजारी आहात का?" "एवढं ताणू नका हो, लग्न लावा आन् मोकळ्या व्हा." सकाळी दुकानाचं शटर वर केलं, कॉम्प्युटर चालू केला की या बायका रांगेत उभ्याच. बरं, त्यांचा तरी काय दोष? त्यांच्यासाठी तू 'केधीर वेडी', गोष्टींच्या अ‍ॅपवरची लेखिका. वाटूर फाट्यावरची छाया लेडीज टेलर तीन दिवसांच्या तापात गेली, हे त्यांना कुणी सांगावं? मीच सांगायला पाहिजे. पासवर्ड माझ्याकडं, कीबोर्ड माझ्यासमोर. चार वेळा बसले. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' एवढं टाईप झालं की तू दिसतेस, तोंडात टाचण्या धरून हसणारी. "ममे, तहसीलला अर्ज करून राह्यली का?" मग सगळं पुसते आणि कुणाचा तरी सातबारा काढायला बसते.

तीन आठवडे झाले. मला रडू येत नव्हतं, खरं सांगते. राग यायचा. तुझ्यावर, त्या बायकांवर, त्या मेल्या मालिकेवर, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. तो का, ते सांगतेच.

मालिकेपासूनच सुरू झालं ना सगळं. केतकी आणि रणधीर. दोन वर्षं रोज संध्याकाळी तू मशीन बंद करून माझ्या दुकानातल्या टीव्हीसमोर स्टूल ओढून बसायचीस. आणि चॅनलवाल्यांनी एका आठवड्यात गुंडाळली. केतकी विमानात बसली, रणधीर काचेबाहेर उभा राहिला, समाप्त. तू अशी चिडलीस की जणू तुझ्याच घरचं लग्न मोडलं. "हे काय झालं? एका बाहीचं ब्लाऊज गिऱ्हाइकाच्या हातात देतं का कुणी?" दुसऱ्या दिवशी दुपारी फुलस्केप वही घेऊन आलीस. चार पानं भरली होती, एक ओळ सोडून एक. त्यात केतकी विमानातून उतरली होती.

"हे टाईप करून दे," म्हणलीस. "तुझा हात जल्दी चालतो."

माझ्या लेकीनं, खुशीनं, ते वाचलं आणि तुला सांगितलं, "मावशी, याला फॅन फिक्शन म्हणतात. लोक अ‍ॅपवर टाकतात." तू म्हणलीस, "नाव काय का असंना. अर्धवट राह्यलेलं काम हाय, पुरं करून देऊन राह्यले."

पाच वर्षं तेच चाललं आपलं. भिंत एक, दुकानं दोन. तुझ्याकडं ब्लाऊज आणि फॉल-पिको, माझ्याकडं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की तू लिहायचीस, मधल्या खिडकीतून वही सरकवायचीस, मी टाईप करून अ‍ॅपवर चढवायचे. चौदा गोष्टी झाल्या. रणधीर कधी डॉक्टर, कधी कलेक्टर, एकदा तर जाफराबादचा सोयाबीनचा व्यापारी. पण दोघं कुणीही असोत, कुठंही भेटोत, शेवट ठरलेला. लग्न, डोहाळजेवण, बारसं, समाप्त. वाचकांनी दोघांच्या नावांची मोडतोड करून 'केधीर' केलं होतं, आणि विसाव्या भागापासून त्यांचा गजर सुरू व्हायचा. गुड न्यूज कधी, गुड न्यूज कधी. एकीनं तर लिहिलं होतं, 'ताई, जुळे दाखवा प्लीज, एक मुलगा एक मुलगी, म्हणजे पुन्हा टेन्शन नको.'

मला याचा वीट आला होता, आणि मी तो लपवायचेही नाही. चौदाव्या गोष्टीतली केतकी आठवते? एसटीची कंडक्टर. भर बसमध्ये दारुड्याची कॉलर धरून त्याला खाली उतरवणारी. मला ती इतकी आवडली होती की भाग टाईप करताना मी गिऱ्हाइकांना थांबवून ठेवायचे. आणि शेवटच्या भागात तू तिला पैठणी नेसवून पाळण्याशी उभी केलीस. मी खिडकीतून ओरडले, "अगं, तिची ड्युटी कोण करून राह्यलं?"

"रजेवर हाय ती. बाळंतपणाची भरपगारी मिळती, मी विचारून घेतलंय."

"लग्न म्हणजे काय शेवट असतो का छाये? दुसऱ्या दिवशी काय होतं, ते लिही की एकदा!"

हे मी तुला किती वेळा म्हणले असेन. मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या मारवाड्यांत तेव्हा सगाई झाली की परीक्षा-बिरीक्षा कुणी विचारत नव्हतं. लग्नातला माझा फोटो बघितला तर कुणालाही वाटेल, झालं पोरीचं भलं, समाप्त. पुढची बावीस वर्षं कुणी लिहायची? नवरा वाईट नाही, सासूही वाईट नव्हती, पोरं गुणाची आहेत. पण मला वकील व्हायचं होतं, आणि मी फाट्यावर लोकांचे फॉर्म भरते. हे कितव्या भागात बसवायचं? तुझ्या बायकांना हे वाचायचं नसतं.

तू मशीन न थांबवता उत्तर द्यायचीस. "त्यांनी ते कशाला वाचावं? घरीच असतंय की. दिवसभर रानात वाकून आलेली बाई काळीपिवळी जीपमधी कोंबून बसती आन् मोबाईल काढती. घटकाभर तिला कुणी तरी म्हणावं ना, झालं बाई सगळं बराबर."

आणि मी पुन्हा पहिल्यापासून भांडायचे.

तुझं लग्न झालं नाही, हे फाट्यावर सगळ्यांना तोंडपाठ होतं. आधी आईचं आजारपण, मग भावाचं, संतोषचं, शिक्षण, मग त्याचं लग्न, मग तुझं वय. माप द्यायला आलेली प्रत्येक बाई हात वर करून उभी राहिली की विचारायचीच, "तुझं कधी गं छाया?" आणि तू तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणायचीस, "लग्नसराई सरू द्या, सध्या येळ न्हाई." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. वर्षानुवर्षं तेच उत्तर, आणि तुझ्या दुकानातली लग्नसराई काही सरायची नाही.

मागं बोलायच्या, तेही तुला माहीत होतं. 'तिचं झालं न्हाई, मंग कागदावर लावती बिचारी.' असं बोलणाऱ्या दोघींशी मी कडकडून भांडले होते. तू मला आवरलं होतंस. तीच मी.

आता तो दिवस येतो, छाये. मला तो टाळता येत नाही.

कंडक्टर केतकीची गोष्ट मी तुला न विचारता कापली. शेवटचे दोन भाग टाकलेच नाहीत. रणधीर शेवटच्या थांब्यावर उतरतो, ती दोरी ओढून घंटी वाजवते आणि बस पुढं निघते, तिथंच मी 'समाप्त' लिहिलं. मला वाटलं, काय झकास शेवट झालाय. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आग लागली होती. 'फसवणूक आहे ही!' 'लग्न कुठंय?' 'एवढे भाग काय घंटी ऐकायला वाचले?' तुला हे मोबाईलवर कळलं. खिडकीतून बोलली नाहीस, चपला घालून समोरच्या दारानं आत आलीस. वह्या सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. गिऱ्हाइकासारखी काउंटरच्या पलीकडं उभी राहिलीस.

"माझी पानं कुठं हायेत?"

"ती नसलेलीच बरी आहेत. किती छान झालं बघ."

"ममे, कापड माझं, माप माझं. तू कात्री कशी लावलीस?"

खरं तर तिथं 'चुकलं' म्हणायचं होतं. एवढंच होतं. पण त्या कमेंटांनी माझं डोकं तापलं होतं, आणि मी म्हणले, "तुझं झालं नाही ना, म्हणून तुला तिथं सगळं संपल्यासारखं वाटतं. ज्यांचं झालंय त्यांना विचार."

हातातला टेप गळ्यात अडकवलास आणि गेलीस. अकरा दिवस खिडकी बंद होती. मी दोन्ही भाग गुपचूप चढवले, वाचकांची माफीसुद्धा मागितली, बघ कशी मी. तुझी तेवढी मागितली नाही. बाराव्या दिवशी खिडकी उघडली आणि नवी वही आत आली. पंधरावी गोष्ट. तू म्हणलीस, "अक्षर लागत न्हाई तिथं विचार." मी म्हणले, "हो." झालं. मग दिवाळीची गर्दी, मग तुझी लग्नसराई, माझे पीकविम्याचे फॉर्म. म्हटलं, सांगू की निवांत कधीतरी. भिंतीपलीकडं तर बसलीय, जातेय कुठं?

कुठं जाणार होतीस, ते तू दाखवलंसच.

तेरावा झाल्यावर संतोषनं तुझं दुकान रिकामं केलं. पुण्याला परत जायची घाई होती त्याला. मशीन कुणाला तरी दिली, कपाटातले बिनशिवलेले कपडे ज्याचे त्याला पोचवले. जाताना माझ्याकडं एक पिशवी घेऊन आला, उरलेल्या ब्लाऊजपीसची तू शिवलेली. "ताई, या वह्या तुमच्या कामाच्या असतील तर ठेवा. न्हाई तर रद्दीत जातील." मी पिशवी त्याच्या हातातून जवळजवळ ओढलीच. बिचारा बघत राहिला.

पंधरावीतला शेवटचा भाग तू मला दिला नव्हतास. मला वाटत होतं, तो लिहायचाच राहिला. तर तो होता. पूर्ण, नीट, तारखेसकट. आणि काय लिहिलंस गं ते? केतकी नोकरीच्या ट्रेनिंगला निघते. रणधीर तिला फाट्यावर सोडायला येतो. ती जीपमध्ये बसते, दोघं हात हलवतात, जीप जाते. संपलं. लग्न नाही, बाळ नाही, मंगळसूत्राचा मणीसुद्धा नाही. आणि समासात, तुझ्या त्या तिरक्या अक्षरात, 'ममे, या बारीला तुझ्या मनासारखं केलं. आता तरी तोंड वाकडं करू नको.'

मी वही टेबलावर आपटली. पाच वर्षं ज्याच्यासाठी भांडले, ते तू माझ्या हातात ठेवून गेलीस, आणि मला ते बिलकुल नकोय! तुझ्या मनातून आलं असतं तर मी नाचले असते. पण ते माझ्या त्या एका वाक्यातून आलंय. मी बोलले म्हणून तू केतकीचं लग्न मोडलंस. एवढी कशी गं शहाणी? भांडायचं होतंस! उलटून काहीतरी लागेल असं बोलायचं होतंस, मला सवय होती.

मग मी ठरवलं, या गोष्टीला बारसं होणार. मीच लिहिणार. लिहायला बसले आणि लक्षात आलं, चौदा बारशी टाईप केलेल्या बाईला बारशात काय काय होतं ते आठवत नाही. कारण तो भाग आला की माझी बोटं चालायची आणि डोकं दुसरीकडं असायचं. म्हणून जुन्या वह्या काढल्या आणि एकेक शेवट वाचायला घेतला.

आणि तिथं आत्या भेटली.

पहिल्या वहीत आत्या सकाळच्या पहिल्या एसटीनं येते. तिसरीत तिनं बाळासाठी स्वतः कुंची शिवून आणलीय, आणि कुंचीचं वर्णन अर्धं पान. सातवीत ती आल्याशिवाय पाळणा हलवायचा नाही, म्हणून रणधीर सगळ्यांना थांबवून ठेवतो. ती बाळाच्या कानाशी वाकते, नाव सांगते, आणि रीतीप्रमाणं बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्क्या घालतात. आणि शेवटची ओळ चौदाही वह्यांत जवळपास तीच. 'आत्याच्या पाठीत एवढ्या बुक्क्या बसल्या की ती दोन दिवस पाठ धरून होती, पण तिचं हसू काही थांबंना.' चौदा आत्या, छाये. एकीलाही नाव नाही.

अ‍ॅपवर यातली एकही नाही. मी काढायचे. दर वेळी. "वाचकाला आत्याशी काय घेणं? बाळाच्या नावावर संपव, चटका बसतो," असं मीच तुला पहिल्या गोष्टीला शिकवलं होतं. तू म्हणली होतीस, "काप बाई, तुला बराबर वाटतं तर." पुढं मी विचारलंही नाही. मला त्यात काही विशेष वाटतच नव्हतं गं. आमच्यात तिला भुआ म्हणतात. भुआनं काजळ घालायचं, मानाची साडी घ्यायची, रंग आवडला नाही म्हणून जरा रुसायचं. पाच भाच्यांची भुआ आहे मी. पाचही वेळा मला वाटलं होतं, आटपा लवकर, दुकान उघडायचंय.

आणि तुझी एकच भाची. संतोषची पोरगी. मालिका बंद पडायच्या आदल्या वर्षी झाली. तू महिनाभर आधी खणाची कुंची शिवली होतीस, हिरवा काठ लावून, आणि मला दहादा दाखवली होतीस. मग बारसं पुण्यातच, त्याच्या सासरी उरकलं. घाईत ठरलं म्हणे, तुला एवढ्या लांब कशाला त्रास. तिथं कुणी चुलत आत्या होती, तिनं नाव ठेवलं. कुंची तू पार्सलनं पाठवलीस. चार दिवसांनी फोटो आला, तो खिडकीतून दाखवलास. "बघ, बराबर बसली ना?" मी झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद भरत होते. म्हणले, "हो, छान." तू म्हणलीस, "गळ्यात जरा सैल झाली." आणि मशीनवर बसलीस. यावर आपण पुन्हा कधीच बोललो नाही.

अख्खा फाटा म्हणत होता, तू कागदावर स्वतःचं लग्न लावतेस. मी शहाणी, मीही तेच म्हणले, तुझ्या तोंडावर. आणि तू नवरीच्या जागी कधी उभीच नव्हतीस. तू पार मागं, पाळण्याच्या बाजूला, पाठीत बुक्क्या खायला उभी होतीस. तिथपर्यंत पोचायचं तर आधी त्या दोघांचं लग्न लावावं लागायचं, बाळ जन्माला घालावं लागायचं. चाळीस चाळीस भाग लिहून तू बारशाला पोचायचीस, आणि मी तुला दारातूनच परत पाठवायचे.

चुकलं माझं, छाये. चुकलं, चुकलं. काउंटरच्या पलीकडं कुणी नसताना म्हणून काय उपयोग, पण म्हणतेय.

आधी चौदाही गोष्टी उघडल्या आणि आत्याला तिच्या तिच्या जागी परत बसवलं. तुझे शब्द, तुझं अर्धं अर्धं पान, एक अक्षर न कापता. खुशी म्हणाली, "मम्मी, जुने भाग आता कोण वाचणार?" म्हटलं, कुणी न वाचो. मग दोन दुपारी बसून शेवटचा भाग लिहिला. तुझा शेवटही फेकला नाही हं. केतकी जीपमध्ये बसून ट्रेनिंगला गेलीच. ते मी ठेवलं, कारण चांगलं लिहिलंयस. ती ट्रेनिंग पुरं करून येते, मग लग्न. लग्न मी चार ओळींत उरकलं, मला अजूनही तो प्रकार आवडत नाही, तू काहीही म्हण. तिची नोकरीही सोडवली नाही. पण बारसं लिहिलं. अख्खं लिहिलं. रणधीरची बहीण सकाळच्या पहिल्या गाडीनं वाटूरहून येते, पिशवीत खणाची कुंची, हिरव्या काठाची, गळ्यात बेतशीर. रणधीर तिला घ्यायला स्वतः स्टँडवर जातो. ती आल्याशिवाय पाळणा हलत नाही. आणि या वेळी मी तिला नाव दिलं. छाया. बुक्क्या तर एवढ्या घातल्यात ना तुला, की वाचणाऱ्याची पाठ दुखावी.

तुझ्यासारखं जमलं नाही. माझं सगळं अर्ज केल्यासारखं येतं. पण काल दुपारी टाकलं.

कमेंटा लगेच सुरू झाल्या. 'अखेर!' 'रडवलंत ताई.' 'बाळाचं नाव गोड.' मी खाली खाली वाचत गेले. एक बाई काउंटरवर आधारकार्ड धरून उभी होती, तिला म्हटलं, थांबा जरा. आणि एकीनं लिहिलं होतं, 'ताई, छाया आत्या फार आवडली. एवढी चांगली बाई एकटी बरी दिसत नाही. आता पुढच्या गोष्टीत तिचं पण लग्न लावा ना प्लीज.'

मी टेबलावर असा हात आपटला की आधारकार्डवाली दोन पावलं मागं सरकली. म्हटलं, या बायका सुधारायच्या नाहीत. मेलं तरी सोडणार नाहीत! आणि मग मला हसू आलं, छाये, आणि हसता हसता ते तीन आठवड्यांचं अडलेलं सगळं एकदम आलं, त्या परक्या बाईसमोर, झेरॉक्सच्या मशीनला टेकून. तिनं बिचारीनं पाण्याची बाटली पुढं केली. खिडकी बंदच होती.

मग तोंड पुसलं, कीबोर्ड ओढला, आणि तुझ्या नावानं उत्तर टाईप केलं.

'लग्नसराई सरू द्या. आत्याला सध्या येळ न्हाई.'